इप्पोलितोचा गुन्हा

मान्तुआच्या जंगलातल्या लुटारूंच्या टोळीत झाडून सगळे ड्यूकने हद्दपार केलेले उमराव होते, आणि ज्याचा गुन्हा मोठा तो म्होरक्या, असा त्यांचा नियम होता. इप्पोलितोने आपण द्वंद्वात माणूस मारल्याचं सांगितलं होतं. त्यामुळे दोन वर्षं हरणाचा पहिला तुकडा त्याच्याच पुढ्यात पडत होता.

एका दुपारी टोळीने खेचरावरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याला अडवलं. इप्पोलितोने घरंदाज सवयीने त्याला हात देऊन खाली उतरवलं आणि मगच तलवार रोखली. म्हातारा ड्यूकचा दूत निघाला.

"इप्पोलितो कोण? त्यांचं माफीपत्र आणलंय. गुन्हा चारचौघांत वाचायचा, त्यांनी 'मान्य' म्हणायचं, की घरी जायला मोकळे. रीतच आहे तशी."

इप्पोलितोने घाईघाईने तलवार म्यान केली. "तो होय? तो गेला बिचारा. मागच्या हिवाळ्यात."

"अहो सरदार, पण तुम्हीच तर..." टोळीतला गास्पारो म्हणाला.

"गप रे, गास्पारो!"

दूताने टोपी काढली. "अरेरे! म्हणजे आता त्यांच्या आईला मलाच सांगावं लागणार. रोज खिडकीशी बसून असते हो माउली."

इप्पोलितोला राहवेना. "थांबा. मीच तो. वाचा."

"ड्यूकसाहेबांच्या लग्नात भाजलेलं कबुतर बाहीत लपवलं, मुजरा करताना ते नवरीच्या मांडीवर पाडलं, आणि ते बिशपसाहेबांचं आहे, असं सांगितलं."

"मान्य," इप्पोलितो पुटपुटला.

"म्हणजे द्वंद्व कबुतराशी झालं होय?" गास्पारोने विचारलं आणि टोळी पोट धरून हसू लागली. इप्पोलितोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही माणसं आपल्यासाठी जिवावर उदार झाली आणि आपण त्यांना थापा मारल्या, याची लाज त्याला कबुतरापेक्षाही जास्त वाटली.

"आता म्होरक्या मी!" गास्पारो डोळे पुसत म्हणाला. "अख्खा किल्ला जाळलाय मी."

"गास्पारो तुम्हीच का?" दूताने पोतडीत हात घातला. "बरं झालं, भेटलात. ड्यूकसाहेबांना मुलगा झाला, म्हणून सगळ्यांनाच माफी आहे. अजून अकरा पत्रं आहेत."

ड्यूकच्या शिपायांना कधी पाठ न दाखवलेले अकरा उमराव सरसर झाडांवर चढले.

"झाडावरून ऐकलं तरी चालतं," म्हणत दूताने कागद उलगडला. "गास्पारो. शेजारणीच्या..."

"हळू वाचा हो, काका!" शेंड्यावरून रडवेला आवाज आला.

इप्पोलितोने वर पाहिलं नाही. त्याने गुपचूप दोन्ही कानांत बोटं घातली.