कौतिकमावशी आणि निष्काळजी चित्रकार

कित्येक शतकांपूर्वी मरण पावलेल्या परदेशी चित्रकारांना रोज सकाळी शिव्या घालणारी बाई साऱ्या सुरत शहरात एकच असावी, आणि ती नेमकी आमच्या भिंतीपलीकडे राहत होती.

कौतिकमावशी मूळच्या खानदेशच्या. एका प्रसूतिगृहात आया म्हणून त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्तीनंतर बमरोलीच्या आमच्या चाळीत एकट्याच राहू लागल्या. प्रसूतिगृहातल्या केरळी नर्स, सिस्टर रोझम्मा, यांचे भाऊ परदेशात होते. नाताळात त्यांच्या पाकिटांवर येणाऱ्या तिकिटांवर बहुधा मेरी आणि बाळ येशूची जुनी चित्रे असत. सिस्टर ती कापून मावशींना देत आणि मावशी ती गव्हाच्या खळीने पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवत. एखाद्या तिकीटसंग्राहकाने ते पाहिले असते तर तो जागीच कोसळला असता.

संग्रहाची मांडणी देशांनुसार नव्हती, गुन्ह्यांनुसार होती. डावीकडे बाळाच्या मानेखाली हात न धरणाऱ्या माता, मध्ये उघडी पोरे, आणि उजवीकडे रेशमी वस्त्रे नेसलेल्या माता, कारण रेशमावरून पोर घसरते. सुरतेत राहून रेशमाविषयी इतका द्वेष बाळगणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. वर्गीकरण निर्दोष होते, हे रसायनशास्त्राची पदवीधर म्हणून मला मान्य करावे लागे. असह्य होता तो त्यांचा आवाज.

मी पांडेसऱ्याच्या मिलमधल्या प्रयोगशाळेत जायला निघाले की त्या मला दारातच अडवीत.

“देख, एमेस्सी, देख! बर्फ पडस तठे, आनि पोऱ्या उघडा! टोपडं भी नही. आनि डोकामांगे हाई ताट कसाले?”

“मावशी, ते तेजोवलय आहे.”

“तेज गया चुल्हामा! कान झाकाले पाहिजे.”

हे बाळ देवाचे असल्यामुळे चित्रकाराला कपड्यांची आवश्यकता वाटली नसेल, असेही मी एकदा सुचवून पाहिले.

“देवनं शे म्हनीसन काय सर्दी व्हत नही?” त्या कडाडल्या. त्या दिवशी माझी बस चुकली.

एका हिवाळ्यात दादाला मुलगा झाला. चाळीतले प्रत्येक तान्हे मूल आजवर मावशींच्या पसरलेल्या पायांवर न्हाले होते; त्यामुळे मावशी पाटावर तेलाची वाटी ठेवून आमच्या बोलावण्याची वाट पाहू लागल्या. बोलावणे गेले नाही. चहा पिताना त्यांची बशी कशी खडखडते, हे दादाने हेरले होते.

“हात थरथरतात तिचे,” तो म्हणाला. “बाळाला लावू द्यायचे नाहीत.”

निरीक्षण अचूक होते. संताप आला तो पुढच्या भित्रेपणाचा. मावशींना हे स्वतः सांगण्याऐवजी त्याने ते काम वहिनीवर ढकलले, आणि ती बिचारी दारातूनच “आज झोपलाय हो”, “आज जरा सर्दी आहे” असे काहीबाही सांगून त्यांना परत पाठवी. भिंतीपलीकडे चित्रकारांची दुर्दशा दुपटीने वाढली.

अशातच, मी प्रवेशासाठी अर्ज केलेल्या परदेशातल्या एका विद्यापीठाचे उत्तर आले. चार ओळींचा सभ्य नकार. मी तो वाचून धुमसत होते तोवर मावशींनी पाकीट उचलूनही नेले. थोड्याच वेळात कापलेले तिकीट घेऊन त्या थेट आमच्या घरात आल्या. दादा जेवत होता.

तिकिटावर मेरी होती, बाळ होते आणि त्यांच्यामागे एक म्हातारी उभी होती.

“हाई कोन शे?”

“मेरीची आई,” मी म्हणाले. “बाळाची आजी.”

“आजी? मंग हिना हात रिकामा काबर?”

“चित्रकाराने तसे काढले असेल.”

“आग लागो त्याले! आजी घरमा उभी शे, पानी तापेल शे, आनि पोर तिना हातमा कोनीच देत नही? काबर? काय पाप करं तिनी?”

दादाचा घास हातातच राहिला. आता बोल, हिंमत असेल तर, अशा नजरेने मी त्याच्याकडे पाहिले. तो ताटात पाहत राहिला. शेवटी वहिनी उठली, तिने पाळण्यातून बाळ उचलले आणि मावशींपुढे धरले.

मावशी दोन पावले मागे सरकल्या. त्यांचे दोन्ही हात पदराखाली गेले.

“नको व माय,” त्या इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या की तो आवाज त्यांचा आहे हे मला क्षणभर पटेना. “हात मनं ऐकतस नही आते. पडी जाई पोर.”

दादाने मान वर केली.

मग त्या माझ्यावर उलटल्या. “ए एमेस्सी, उभी काय राह्यनी? बस खाले. पाय लांबा कर.”

मी आयुष्यात तान्हे मूल हाताळले नव्हते आणि तशी महत्त्वाकांक्षाही नव्हती. तरी बसले. वहिनीने कोमट पाणी आणले, बाळ माझ्या पायांवर ठेवले गेले, आणि समोर पाटावर बसलेल्या मावशींच्या आज्ञा सुरू झाल्या. “हळू! काचनी बाटली घासस का? काखमा बोट घाल. तठेच मळ बसस.”

बाळ आधी किंचाळले, मग पाण्याला सरावले. मी वर पाहिले. पंखा बंद होता, वारा येऊ नये म्हणून दारही लावून घेतले होते, आणि मावशींच्या मांडीवरचा पदर एकसारखा हलत होता.

“मनाकडे काय देखस?” त्या खेकसल्या. “पोर देख.”