वाईन, मिरी आणि आमचे होणारे व्याही

मुलीचे होणारे सासरे जेवायला येणार म्हटल्यावर शहाण्या माणसाने पडदे धुवावेत, पंखे पुसावेत आणि गप्प बसावं. मी वाईन शिकायला गेलो.

त्याला कारण शिवानीचा फोन. शिवानी ही आमची एकुलती एक. तिने स्वतःच मुलगा पसंत केला होता, तिच्याच ऑफिसातला अभिजीत. आता त्याच्या वडिलांनी, म्हणजे विश्वासरावांनी, तोंडाने 'हो' म्हणायचं तेवढं बाकी होतं. आणि हे गृहस्थ तोंडच उघडत नाहीत अशी त्यांची ख्याती.

"बाबा, ते पहिल्या भेटीत फार बोलत नाहीत," शिवानी बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमधून, ऑटोत बसून ओरडत होती. मागे शंभर हॉर्न. "पण तुम्ही वाईनचा विषय काढा, मग बघा! वाईन म्हटलं की त्यांची कळी खुलते!"

मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये आहे. कुठल्या बोल्टला कुठला नट बसतो ते मला झोपेतून उठवून विचारा. पण वाईन? आमच्या घराण्याला या बंगळुरात तीनशे वर्षं झाली. एवढ्या काळात कुणी फिल्टर कॉफीच्या पुढे गेल्याचं ऐकिवात नाही. (एक काका गेले होते म्हणतात, पण त्यांचं नाव घरात काढत नाहीत.)

तेव्हा रविवारी दुपारी मी बेळ्ळंदूरच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर वाईनच्या क्लासला जाऊन बसलो. शिकवणारी रम्या नावाची मुलगी, शिवानीच्याच वयाची. तिने आधी ग्लास गोल फिरवायला सांगितला. मी फिरवला. शेजारच्या माणसाचा पांढरा शर्ट जांभळा झाला.

"स्वल्प हळू, अंकल," तो म्हणाला.

उरलेली वाईन मी तोंडात घेतली. कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आखडली.

"मॅडम, ही खराब झालीय."

"खराब नाही अंकल, तुरट आहे. द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा. आता हे मटण खा आणि मग प्या."

मिरी लावलेल्या मटणाचा चांगला चरबीदार तुकडा होता. मी तो चावला आणि भीतभीतच एक घोट घेतला.

काय सांगू! मघाशी जी वाईन अंगावर धावून आली होती, तीच आता मांजरीसारखी मांडीवर येऊन बसली. तुरटपणा मऊ झाला, जिभेवरचा तुपकटपणा धुऊन निघाला. आणि मागून हळूच मिरीचा वास आला. मटणातल्या नव्हे, वाईनमधल्या!

"दोन रस्ते असतात," रम्या समजावत होती. "एक, सारख्याला सारखं जोडायचं. मिरीला मिरी. दुसरा, एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं. चरबीला तुरट."

"पण मॅडम, वाईनमध्ये मिरी घालतं कोण?"

"कुणीच नाही. मिरीला ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच द्रव्य या शिराझ जातीच्या द्राक्षांच्या सालीत असतं."

मी ग्लास खाली ठेवला. माझ्या अंगावर काटा आला होता. मिरी कुर्गच्या कुठल्यातरी झाडावर चढलेली. द्राक्ष नाशिककडच्या कुठल्यातरी मांडवावर. जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि माझ्या तोंडात भेटल्याबरोबर सख्ख्या बहिणींसारख्या गळ्यात पडतात! बोम्मसंद्र्याला आम्ही नट आणि बोल्ट एकाच नकाशावरून बनवतो, तरी निम्मे बसत नाहीत.

घरी येताना मी एक बाटली घेऊन आलो आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचे डबे उघडून हुंगू लागलो. लवंग, दालचिनी, बडीशेप. आज प्रत्येक डब्याला काहीतरी सांगायचं होतं.

"अहो, उंदीर मेलाय का?" मथुरा दारात उभी. मथुरा माझी बायको.

मी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "दारूला मिरीचा वास येतो ते राहू दे. तुम्हाला दारूचा येतोय."

पण सकाळचं तिच्या हातचं मिरीचं मटण उरलेलं होतं. मी एक तुकडा तिला दिला आणि त्यावर एक घोट. (पेल्यातून. वाईनचे ग्लास आमच्याकडे कुठून असणार?) तिने नाक मुरडून घेतला. मग डोळे मिटले. लग्नानंतर मथुरा इतका वेळ गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

"अय्यो," शेवटी ती म्हणाली, "माझ्या मटणात एवढं काय काय असतं?"

पुढच्या रविवारच्या जेवणाचा बेत त्याच क्षणी ठरला.

पाहुणे दुपारी आले. अभिजीत, त्याची आई कस्तुराबाई, आणि विश्वासराव. विश्वासराव कडक इस्त्रीचे, ओठ मिटलेले. वाईनला हवा लागावी म्हणून मी ती आधीच काचेच्या जगात ओतून टेबलावर ठेवली होती. सगळे बसले.  मी घसा साफ केला.

"शिवानी सांगत होती, तुम्हाला वाईनचं फार वेड आहे."

शिवानीच्या हातातलं भांडं वाजलं. पण विश्वासरावांची कळी खरोखरच खुलली.

"वाईचं? वेड म्हणजे काय, जन्मापासूनचं!"

"जन्मापासून?" मी जरा दचकलोच.

"अहो, आमच्या पणजोबांपासून. मी तर म्हणतो, वाई अनुभवावी ती पहाटेच."

"पहाटे? रिकाम्या पोटी?"

"अगदी! थंडगार. सगळा शीण उतरतो."

"पण लाल असेल तर इतकी थंड चालत नाही म्हणतात."

"लाल?" विश्वासराव थबकले. "नाही हो, कृष्णेचं पाणी लाल होतं ते पावसाळ्यात."

मी शिवानीकडे पाहिलं. ती ओठांनी, आवाज न करता, पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती. वाई. वाई! साताऱ्याजवळची, कृष्णाकाठची, घाटांची वाई. त्यातला 'न' माझ्या कानांनी त्या हॉर्नच्या गर्दीत पदरचा घातला होता!

"आमचं व्यसनमुक्ती मंडळसुद्धा वाईतच सुरू झालं," विश्वासराव रंगात येऊन सांगत होते. "मी संस्थापक. अरे वा, कोकम सरबत वाटतं?"

आणि त्यांचा हात जगाकडे गेला.

"नको!" मी जग छातीशी धरला. "ते माझं... औषध आहे."

"एवढं?"

"जेवणाबरोबर घ्यायला सांगितलंय."

"मग घ्या की. आमच्यासाठी खोळंबू नका."

मी एक पेला प्यायलो. विश्वासराव बघत होते. "औषध अर्धवट सोडू नये," ते काळजीने म्हणाले. मी दुसरा प्यायलो. मथुरेने डोक्याला हात लावला. तिसरा पेला संपायला आणि पानात मटण यायला एकच गाठ पडली. मी एक तुकडा तोंडात टाकला, वर घोट घेतला, आणि मिरीला मिरी भेटली. त्यापुढे मला खोटं बोलवेना. मी उभा राहिलो. (टेबलाला धरून.)

"विश्वासराव, हे औषध नाही. वाईन आहे. मी थापा मारल्या. पण देवाशप्पथ, यात चमत्कार आहे! कुठली मिरी, कुठलं द्राक्ष, पण आत वास तोच! आणि जे सारखं नाही, ते एकमेकांना सांभाळून घेतं. ही पोरं तशीच आहेत हो. दोघंही सारखीच हट्टी, दोघंही एकाच विनोदाला हसतात. आणि वेगळं म्हणाल, तर आमची शिवानी तुरट, तुमचा अभिजीत..." मी शब्द शोधू लागलो, "...चरबीदार."

अभिजीतने पोट आत घेतलं.

 शिवानीच्या डोळ्यांत पाणी होतं. गेलं, मी म्हटलं, पोरीचं लग्न मी माझ्या हातांनी मोडलं.

तेवढ्यात कस्तुराबाई पदराआड हसल्या. "मग आमच्या दोघांचं कोणतं हो, सारखं की वेगळं?"

"तुम्ही चांगल्याच आहात," मी म्हणालो. "त्यांना थोडी हवा लागायला पाहिजे."

आता त्या मोठ्यांदा हसल्या. विश्वासराव हसले नाहीत. त्यांनी जग जवळ ओढला, थेंबही न घेता नुसता वास घेतला. मग मटणाचा. मग पुन्हा जगाचा. त्या कडक चेहऱ्यावर एखाद्या मुलासारखं आश्चर्य पसरत गेलं.

"कस्तुरा," ते हळूच म्हणाले, "मिरीच आहे गं!"

बराच वेळ ते तसेच जगाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो ठामपणे दूर सारला. "लग्नाला माझी हरकत नाही. मुलगी खरं बोलणाऱ्या घरातली आहे. उशिरा का होईना."

मथुरा साखर आणायला धावली. विश्वासरावांनी खिशातून मोबाईल काढला. "जरा असेच उभे राहा. पेला हातात राहू द्या."

व्याह्यांना माझी आठवण ठेवायची आहे हे पाहून मला गहिवरून आलं. मी केस सारखे केले आणि छान हसलो.

परवा वाईहून त्यांच्या मंडळाचं नवं पत्रक आलं. पहिल्याच पानावर मी आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आधी'. शेजारी 'नंतर' म्हणून कुणा दुसऱ्याच माणसाचा फोटो छापलाय. मथुरेने तो फ्रिजवर चिकटवलाय. माझा कापून टाकून.