डाव्या पंखाखालची माणसं

शिवणाच्या मशीनचा खण अडकला तर माणसानं सुताराला बोलवावं. मी तो स्वतः ओढायचं ठरवलं. पुढे जे काही घडलं त्याला माझा हा एवढाच निर्णय जबाबदार आहे. मशीन सासूबाईंचं होतं. खण एकदम निघाला, मी पाठीवर आपटलो, आणि कधीकाळी खणामागे सरकलेला एक जुना फोटो माझ्या छातीवर येऊन पडला. फोटोत विमान होतं.

आता मी कोण ते सांगतो. दिवसभर मी ऑफिसात लोकांच्या नळाच्या तक्रारी लिहून घेतो आणि उरलेल्या वेळात जुनी, दुर्मीळ विमानं फोटोवरून ओळखतो. (प्रत्यक्ष विमानात एकदाच बसलोय. तेव्हा खिडकीची जागा बायकोला मिळाली होती.) आमच्यासारख्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कोणीतरी एखादा पुसट फोटो टाकतो आणि बाकीचे शेपूट, चाकं, इंजिनाच्या नळ्या वगैरे बघून विमानाचं नाव सांगतात. ग्रुपचे प्रमुख दातांचे डॉक्टर आहेत, पण आम्ही त्यांना कॅप्टन म्हणतो. त्यांनी घालून दिलेला पहिला नियम असा, की फोटोतली माणसं आधी कापून टाकायची. माणसं नेमकी महत्त्वाच्या भागापुढे येऊन उभी राहतात, असा आमचा सगळ्यांचाच अनुभव आहे.

या फोटोतही तेच झालं होतं. डाव्या पंखाखाली एक बाई आणि एक पुरुष उभे होते, आणि पंखाचे आधार त्यांच्यामुळे अर्धे झाकले गेले होते. बाई म्हणजे सासूबाई, हे नाकावरून मलासुद्धा कळलं. त्यामुळे पुरुष म्हणजे सासरे, हे मी गृहीत धरलं आणि दोघांनाही कापून फोटो ग्रुपवर टाकला.

ग्रुपवर रणधुमाळी माजली. कॅप्टनचं म्हणणं, हे साधं शिकाऊ वैमानिकांचं विमान आहे, गल्लीबोळात मिळतं. माझं म्हणणं, याची चाकं उडाल्यावर पोटात जातात, म्हणजे हे फार दुर्मीळ मॉडेल आहे. त्याचं नाव इथे देत नाही. दोन अक्षरं आणि तीन आकडे आहेत, बायकोला ते गोळ्यांचं नाव वाटतं. मी चाकांवर इतका अडून बसलो, की शेवटी कॅप्टन म्हणाले, "ठीक आहे, तुमचंच खरं." माझ्या आयुष्यात हे वाक्य मला फार कमी वेळा ऐकायला मिळालंय. मी हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसलो आणि तिथूनच पुढचा बेत आखला.

सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. सासरे निवृत्त स्टेशनमास्तर. जमीन सोडून जाणाऱ्या कुठल्याही वाहनावर त्यांचा विश्वास नाही, आणि अशा वाहनांचे फोटो बघत बसणाऱ्या जावयावर तर मुळीच नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी मला एकदाही शाबासकी दिलेली नव्हती. ती मला हवी होती. वय झालं तरी माणसाला अशा गोष्टी हव्या असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी फोटो मोठा करून घ्यायचा, चांगल्या फ्रेममध्ये बसवायचा आणि सगळ्या नातेवाइकांसमोर सासऱ्यांना द्यायचा असं ठरवलं. भेट असल्यामुळे या वेळी माणसं कापली नाहीत. एवढा मनाचा मोठेपणा मी दाखवला.

"भेट काय आणलीत?" बायकोनं विचारलं.

"बाबांचा तरुणपणीचा फोटो. विमानाजवळ उभे आहेत."

"बाबा? विमानाजवळ? बाबा लिफ्टमध्ये चढताना देवाचं नाव घेतात!"

"माणसं सगळंच सांगत नाहीत."

"मला आधी बघू दे. आज तरी काही घोळ घालू नका. आईबाबांचा दिवस आहे."

"गंमत जाते," असं म्हणून मी फ्रेमचा कागद घट्ट केला. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

समारंभ सासऱ्यांच्या दिवाणखान्यात होता. सोफ्यावर मावश्या, खुर्च्यांवर काका, आणि मधल्या दोन खुर्च्यांवर ते दोघं. केक कापून झाल्यावर मी फ्रेम टेबलावर उभी केली, वरचा कागद फाडला आणि पेन्सिलीनं विमानाचे भाग दाखवत बोलायला लागलो. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. मला वाटलं, लोक लक्ष देऊन ऐकतायत.

सासरे उठून जवळ आले. "हा कोण?"

"हे फार दुर्मीळ मॉडेल आहे, बाबा."

"ते नाही. हा कोण, हिच्याशेजारी?"

"तुम्हीच की! पण आमच्या भाषेत तो अडथळा. त्याच्यामुळे मागचा आधार दिसत नाही."

"आणि याचा हात कुठे आहे?"

"बरोबर पकडलंत! तो हात मधे नसता तर ओळख पहिल्याच दिवशी पटली असती."

इथे बायकोचं कोपर माझ्या बरगडीत शिरलं. मी प्रथमच त्या पुरुषाकडे पाहिलं. उंच, रुंद खांद्यांचा, दाट केसांचा तरुण होता. सासरे माझ्या खांद्यापर्यंत येतात, आणि त्यांच्या डोक्यावर विसाव्या वर्षापासून काहीही नाही. त्या उंच गृहस्थाचा हात सासूबाईंच्या खांद्यावर होता. माझी पाचावर धारण बसली. पन्नास वर्षांचा संसार मी मावश्यांच्या डोळ्यांदेखत मोडला, असं मला वाटलं आणि खरोखर रडू यायला लागलं.

सासूबाईंनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि हसल्या. ते हसू पाहून सासरे खुर्चीत बसले.

"स्थळ आलं होतं याचं," सासूबाई म्हणाल्या. "विमान चालवायचा. त्याच्या बहिणीनं काढलेला फोटो हा. मी केव्हाच हरवला समजत होते."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

सासऱ्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे पहिली गाडी चुकली म्हणून तू दुसरीत बसलीस?"

एका मावशीच्या हातातला केकचा तुकडा तोंडाजवळच थांबला.

"चुकली नाही," सासूबाई म्हणाल्या. "मीच सोडली. त्या दिवशी मला ताप होता. ताप अंगावर घेऊन मी त्याच्याबरोबर उन्हात उभी होते, आणि हा आपला मला चाकं दाखवतोय, पंखा दाखवतोय. घरी येऊन झोपले चार दिवस. त्याला काही पत्ताच नाही! आणि ताप पुरता उतरायच्या आत तुम्ही मला बघायला आलात, तेव्हा पहिलं वाक्य काय बोललात आठवतंय? 'तुम्हाला बरं नाहीये का?'"

"तुझे डोळे लाल होते," सासरे म्हणाले.

"तेच तर! ते तुम्हाला दिसले."

सासऱ्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसलं. मग सासूबाईंचा हात हातात घेतला. मावश्या रडल्या, काका खाकरले, केक तोंडात गेला. आणि मग सासरे उठले, माझ्याजवळ आले आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

"शाबास, जावईबापू. फोटो समोरच्या भिंतीवर लावा. याला रोज बघायचंय मला."

मला शाबासकी मिळाली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण त्याच क्षणी मोठ्या केलेल्या फोटोत मला त्या विमानाचं चाक नीट दिसलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाकाचा दांडा सरळ पंखाला ठोकलेला होता. हे चाक पोटात जाणं जन्मात शक्य नव्हतं. कॅप्टन बरोबर होते, विमान गल्लीबोळातलंच होतं. मी खिशातून भिंग काढलं आणि गुडघ्यांवर बसून खात्री करायला लागलो.

मागे सासूबाई माझ्या बायकोला म्हणत होत्या, "चुकलंच बाई माझं. हे तुला लग्नाआधी सांगायला हवं होतं."

"काय सांगायला हवं होतं?" मी भिंगातून डोळा न काढता विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "तुम्ही चाक बघा."