विड्याने निरोगी ठरलेल्या दरबाराची हकीकत

ज्याच्या जाण्यायेण्यावर राजा आणि रयत सारखीच जिवंत, त्या श्वासास नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर. यंत्रशाळेत श्वास भरोन ठेविलेल्या पिशव्या चारशे: क्षयरोग्यांच्या दोनशे, निरोग्यांच्या दोनशे, गंध मोजणारे यंत्र एक, आणि त्या आकड्यांवरून रोगी कोण, निरोगी कोण हे शिकणारा संगणक एक. शिक्षण पुरे जाहले, शंभरांत अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर आली, आणि दिवाण त्र्यंबकपंतांनी नगारा वाजवविला. मग अवघ्या वाड्याचा श्वास तपासावा ऐसा हुकूम जाहला, आणि माळीण सगुणा क्षयी निघाली. वैद्यांनी तिची छाती व थुंकी दोनदा तपासोन साफ सांगितली, तरी पंत म्हणाले, "यंत्राहून वैद्य थोर काय?" आणि तान्हे पोर घरी ठेवून तिने महिनाअखेरीस गडाखालील क्षयघरी जावे ऐसे फर्मान निघाले. मग यंत्रशाळेच्या प्रमुख वेणूबाईंनी मूळ शोधिले ते ऐसे, की निरोगी म्हणून निवडिले ते सारे दरबारी, आणि सरकारकामी जो येईल त्यास आधी लवंग टोचलेला विडा द्यावा ही दरबारची रीत, म्हणोन प्रत्येकाने विडा चावून मगच पिशवी फुंकिली. रोग्यांस विडा कोण देतो? आणि माळणीस तरी कोण देतो? बाई म्हणाल्या, "पंत, हे यंत्र रोग ओळखत नाही, लवंग ओळखते." पंत म्हणाले, "लवंग औषधीच असते, बाई." "अहो, नमुने विड्यावाचून पुन्हा घ्या!" "नमुने हवे तेवढे घ्या, चारशेचे आठशे करा. विडा मात्र चुकायचा नाही, मंडळींचा अपमान होतो." आणि मग खरोखरच दरबारी पुन्हा आले, विडे दुप्पट लवंगेचे जाहले, अचूकता शंभरांत नव्व्याण्णव जाहली, आणि पंतांनी पुन्हा नगारा वाजवविला. बाईंनी कपाळास हात लाविला. तोंच सगुणा पोर कडेवर घेऊन दाराशी आली आणि म्हणाली, "बाईसाहेब, याला दूध कोण पाजणार? तुमचं यंत्र?" मग बाई उठोन भर दरबारात शिरल्या आणि म्हणाल्या, "पंत, उद्या सकाळी विड्याआधी आपण स्वतः फुंकावे. यंत्रावर विश्वास आहे ना?" चारचौघांत नाही कसे म्हणावे? दुसरे दिवशी सकाळी पंतांनी फुंकिले, सगुणेने फुंकिले, मग दोघांस एकेक विडा दिला, माळणीस तो पहिलाच, आणि दोघांनी पुन्हा फुंकिले.

सारांश, फर्मान रद्द जाहले. विड्याची रीत तैसीच आहे. त्या सकाळचे आकडे, क्षयाचा संभव शंभरांत: सगुणा, विड्याआधी एक्क्याण्णव, विड्यानंतर दोन. त्र्यंबकपंत, विड्याआधी चौऱ्याण्णव, विड्यानंतर एक.