कचरूचा कुसुमाकर

बद्रीनाथ मास्तरांनी सोमवारी कचरूचा कुसुमाकर केला आणि बुधवारी शाळा ओस पडली.

मास्तर जालन्याहून बदलून धामणखेड्याला आले होते. पहिल्याच हजेरीला त्यांच्यापुढं आली ती कचरू, तीन-तीन धोंडू, उकिर्डा, सांडू असली नावं. शाळा तपासायला हैदराबाद सरकारचे मोहतमीमसाहेब कधीही येणार, आणि त्यांच्यापुढं 'उकिर्डा हाजिर' ऐकायचं मास्तरांच्या जिवावर आलं. शाळेत ही नावं चालायची नाहीत असं जाहीर करून त्यांनी एका दुपारीत धोंडूचा धनंजय, सांडूचा श्रीनिवास आणि कचरूचा कुसुमाकर करून टाकला. पोरांना मौज वाटली. आपलं नवं नाव धड एकालाही म्हणता येत नव्हतं.

मंगळवारी कचरूची आई आसराबाई मेंढरं रानात सोडून शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. ती मेंढक्याची बायको, आवाज चढवण्यातली नव्हे.

"मास्तर, ह्याच्या आधीची लेकरं राह्यली न्हाईत. ह्याला जल्मल्या जल्मल्या उकिरड्यावर ठिवलं, तवा वाचला. सटवीला वाटलं कचराच हाय, कशाला न्यायचा. आन् तुमी त्याचं फूल केलं. फूल कुनीबी तोडतंय."

मास्तरांनी समजूत घातली, की घरी काय म्हणायचं ते म्हणा, पण शाळा सरकारची आहे, तिथं शाळेचा कायदा.

"शाळा सरकारची असंल," आसराबाई म्हणाली, "पोरगं सरकारचं न्हाई." आणि ती मेंढरांमागं निघून गेली.

बुधवारी सकाळी कचरूला सणसणून ताप भरला. आदल्या दिवशी त्यानं ओढ्याकाठी पोटभर कच्च्या चिंचा खाल्ल्या होत्या हे साऱ्या गावाला माहीत होतं, पण आता चिंचांचं नाव कोण घेतो? आसराबाईनं पोराला घोंगडीत गुंडाळलं आणि थेट मास्तरांच्या ओसरीवरच्या बाजेवर आणून निजवलं. "हा तुमचा कुसुमाकर. माझा कचरू बरा झाला की सांगा," एवढं बोलून ती खांबाला टेकून बसली.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. एकेक आई आली आणि आपापलं पोर दंडाला धरून घेऊन गेली. उरला तो पाटलाचा धर्मराज, कारण त्याचं नाव बदलायची मास्तरांना गरजच पडली नव्हती. एकट्यालाच सगळे प्रश्न विचारले जायला लागल्यावर तोही पोटात दुखतंय म्हणून घरी गेला.

तेवढ्यात भोकरदनहून निरोप आला : साहेब उद्या येऊन राह्यलेत.

मास्तर घरोघर फिरले. जुनी नावं परत दिली, म्हणाले. बायका म्हणाल्या, असं तोंडानं न्हाई होत. द्वारकाबाई सुईणीनं रीत सांगितली. नाव उकिरड्यावर मिळालेलं, ते तिथंच परत द्यायचं, आणि ज्यानं काढलं त्याच्याच हातानं. पोर ढिगावर टाकायचं, आईनं ते सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचं.

गुरुवारी सकाळी गावाच्या शिवेवरच्या उकिरड्यावर मास्तर धोतर खोचून उभे राहिले. एकेक पोर ढिगावर बसवून ते पडेल आवाजात विचारत होते, "हा कचरा कोणाला पाहिजे का?" खालून आई म्हणायची, "द्या मला." कचरूचा ताप मास्तरांच्या बायकोनं, पुष्पाबाईंनी, दिलेल्या सुंठीच्या काढ्यानं पहाटेच उतरला होता, पण त्याचं पुण्य उकिरड्याच्या पदरात पडलं.

तिसऱ्या धोंडूची पाळी चालू असताना टांगा येऊन थांबला. मोहतमीमसाहेब नाकाला रुमाल लावून उतरले.

"मास्टर साब, मदरसा इधर कब से भर रा?"

मास्तर ढिगावरूनच कसेबसे म्हणाले, "हुजूर... सफाई का सबक."

साहेबांनी उकिरडा पाहिला, त्यात गुडघ्यापर्यंत रुतलेले मास्तर पाहिले, आणि त्यांची मुद्रा पालटली. असा मास्तर साऱ्या जिल्ह्यात नाही, असं ते बरोबरच्या कारकुनाला म्हणाले. हजेरी तिथंच झाली. कचरू हाजिर, सांडू हाजिर, उकिर्डा हाजिर. पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. साहेब थेट हैदराबादेहून आलेले, मराठीचा गंध नाही. उकिर्ड्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उकिर्डा. बहुत प्यारा नाम है."

मास्तरांना हसावं की रडावं ते कळेना.

संध्याकाळी न्हाणीत ते अंग घासघासून धूत होते. पुष्पाबाई वरून ऊन पाणी घालत होत्या. त्यांना सातवा महिना होता. याआधीची दोन्ही मुलं बारशानंतर महिनाभरही राहिली नव्हती, आणि त्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे.

"अहो," त्या म्हणाल्या, "म्या द्वारकाबाईला सूपभर कोंडा बाजूला ठिवायला सांगून ठिवलंय."

मास्तर कानातलं पाणी काढत राहिले. मग म्हणाले,

"धोंडू नको. वर्गात आधीच तिघं आहेत."