खैरनारांचा फोकस

उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कुर्डया, पापड आणि खैरनारांच्या काचा शेजारी शेजारी वाळत असत. डोक्याला ओला पंचा गुंडाळून, हातात काठी घेऊन खैरनार टाकीच्या सावलीत बसत आणि काचांबरोबर कुर्डयांवरचेही कावळे हाकलत. काचा म्हणजे कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सेस. पण लेन्स म्हटलेलं त्यांना खपत नसे. "काचेला काच म्हणायला लाज कसली?" म्हणत. जुन्या काचांना आतून बुरशी धरते आणि ऊन दाखवलं की ती मरते, असं त्यांचं शास्त्र होतं. खरं असेलही. पण एकदा त्यातल्या एका जाड काचेनं सेक्रेटरी पाटणकरांच्या घरच्या पापडांखाली अंथरलेल्या साडीला भोक पाडलं. पाटणकरवहिनी ती साडी घेऊन तिसऱ्या मजल्यावर भांडायला गेल्या. खैरनारांनी ते भोक खिडकीच्या उजेडात धरलं आणि भारावून म्हणाले, "वहिनी, काय धार आहे बघा! कडा बघा कडा!" आता यापुढं भांडावं कसं, हे वहिनींना सुचेना. त्या साडी तिथंच टाकून खाली आल्या. खैरनारांनी तिचे तुकडे करून काचा पुसायला घेतले.

आम्ही इंदिरानगरला पहिल्या मजल्यावर राहायचो, खैरनार तिसऱ्यावर. मूळचे सटाण्याकडचे. पाटबंधारे खात्यात नोकरी, त्यामुळं उभं आयुष्य कुठल्या ना कुठल्या धरणावर गेलेलं. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. नव्वदच्या सुमारास ते निवृत्त होऊन आमच्या बिल्डिंगमध्ये आले, तेव्हा टेम्पोतून एक कॉट, एक वेताची खुर्ची आणि काचांनी भरलेल्या दोन ट्रंका उतरल्या. रशियन, जर्मन, जपानी, सगळ्या सेकंडहँड. भद्रकालीच्या जुन्या बाजारात आणि देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून जमवलेल्या. त्या वेळी रोलचा कॅमेरा होता आणि रोल महाग होता. म्हणून दहा वर्षं आम्ही सुखात काढली.

पुढं त्यांचा भाचा अमेरिकेहून आला आणि मामासाठी डिजिटल कॅमेरा घेऊन आला. स्वस्तात मिळाला म्हणून खुशीत होता. घरी येऊन खोकं उघडलं तेव्हा कळलं, की स्वस्त का, तर पुढं लेन्सच नाही. नुसतं धड. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. खैरनारांच्या चेहऱ्यावर मुलीला न मागता स्थळ चालून आल्यासारखा आनंद पसरला. सातपूरच्या एका लेथवाल्याकडून त्यांनी एक कडं कातून घेतलं. कॅमेरा जपानी, काच रशियन, मधलं कडं सातपूरचं, असा हा आंतरराष्ट्रीय संसार सुरू झाला.

नवराबायकोचं आपसात बोलणं मात्र नव्हतं. कॅमेरा चालू केला की पडद्यावर सूचना यायची, लेन्स बसवलेली नाही. खैरनार त्याच्यावर खेकसायचे, "तुला नसेल दिसत, मला दिसते आहे! गप बैस!" ती रशियन काच फोकससाठी हातानं फिरवावी लागे, आणि तिच्या आतलं ग्रीस बहुधा तिच्याएवढंच जुनं होतं. ते कडं फिरवायचे, डोळा लावायचे, पुन्हा मागं फिरवायचे. समोरच्यानं श्वास घेतला तरी ओरडायचे, "हालू नका!" ऑटोफोकसचं नाव काढलं की तापायचे. "ते म्हणजे परस्पर ठरवलेलं लग्न! कोणाला पसंत केलं, ते आपल्यालाच माहीत नाही." फारच तापले तर सटाण्याची बोली बाहेर यायची, "हाई घाईनं काम नही शे, भाऊ!"

आता फोटो फुकट, रोलचा खर्च नाही. खैरनार जिन्यात उभे राहून माणसं धरू लागले. "कथा चालना? कुठं निघालात? या वर, फोटो काढू." एकदा मीही सापडलो. ऑफिसला माझा एक फोटो हवाच होता. त्यांनी मला खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला, आणि डोळा लावून म्हणाले, "बोला गोसावी, बोला. बोललं की चेहरा सुटतो." मी बोललो. बदलीचं बोललो, पित्ताचं बोललो, सासरच्या जमिनीच्या वाटणीचं बोललो. मधून मधून विचारत होतो, "फोकस कुठवर आला?" तेव्हा ते अगदी गंभीरपणे सांगायचे, "आत्ताच विंचूर सोडलं." मग निफाड आलं, चांदोरी आलं, जणू फोकस एसटीनं शहराकडे यायला निघाला होता. "आता?" "द्वारका चौकात अडकलाय. ट्रॅफिक आहे." खाली आमच्या घरी दूध उतू गेलं, बायको दोनदा हाका मारून गेली. फोटो आला तो असा, की माझा डावा कान म्हणजे शिल्पकारानं कोरावा तसा स्पष्ट आणि त्याच्या पुढं चेहऱ्याच्या जागी पिठलं. ऑफिसनं तो परत पाठवला. खैरनार म्हणाले, "कान बघा ना पण!"

तरी बिल्डिंगनं हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. पाटणकरांच्या मुलीच्या साखरपुड्यानं गणित बिघडलं. फुकट ते पौष्टिक या न्यायानं पाटणकरांनी फोटो खैरनारांवर सोपवले होते. मुलानं अंगठी मुलीच्या बोटाच्या टोकापर्यंत नेली आणि हॉलमध्ये आवाज घुमला, "हालू नका!" मुलगा थांबला. मुलगी थांबली. गुरुजी अक्षता मुठीत धरून थांबले. मुलाच्या नाकावर माशी बसली, तीही थांबली. आमच्या बिल्डिंगमधल्या कोणीतरी मागून विचारलं, "कुठवर आला?" आणि खैरनार डोळा न काढता म्हणाले, "द्वारका." आम्ही हसलो. मुलाकडच्यांना काही कळेना. मुलाचा हात कापू लागला, अंगठी सटकली आणि पेढ्यांच्या ताटाखाली गेली. ती शोधायला दोन्हीकडचे व्याही एकदमच वाकले आणि त्यांची टाळकी एकमेकांवर आपटली. फोटो आले तेव्हा वधूवर दोघंही धुरकट होते. मागच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र लख्ख आलं होतं, आणि एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ गेला ते त्यात कोणालाही वाचता येत होतं.

पाटणकरांनी मीटिंग बोलावली. विषय एकच, खैरनारांची काच. तिला हटवल्याशिवाय बिल्डिंगमध्ये शुभकार्य होणार नाही, यावर एकमत झालं. पण म्हाताऱ्याला दुखवायचं कसं? शेवटी पाटणकरांनीच तोड काढली. वर्गणी काढून आम्ही एक नवीकोरी ऑटोफोकस लेन्स आणली आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर खैरनारांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि लेन्स. पाटणकरांनी 'निरपेक्ष सेवा' वगैरे शब्द वापरून भाषण ठोकलं. म्हणायला सत्कार, खरं तर आम्ही आमची सुटका करून घेत होतो. खैरनारांनी लेन्स दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

लगेच ग्रुप फोटो. सवयीनं आम्ही सगळे पुतळ्यासारखे ताठ उभे राहिलो. लेन्समधून बारीकसा 'खर्र' आवाज आला आणि खैरनार म्हणाले, "झाला."

"झाला?" पाटणकरांना खरं वाटेना.

"झाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे जिलबीकडे पळाले. खैरनार झेंड्याजवळ कॅमेरा धरून उभे होते. पडद्यावर आमचे सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आले होते, वहिनींच्या नथीतला मोतीसुद्धा दिसत होता.

पुढचे काही महिने बिल्डिंग खूश होती. कोणाला फोटो लागला की तिसऱ्या मजल्यावर जायचं, बेल वाजवायची, दारातच उभं राहायचं. खर्र, झाला. चपला काढायचीही गरज नाही. त्यात लोकांकडे मोबाइलमध्येच कॅमेरे येऊ लागले होते आणि तेवढंही कोणी जाईना.

कुर्डयांचे दिवस आले. बायकोनं गच्चीवर कुर्डया घातल्या आणि निम्म्या कावळ्यांनी नेल्या. ती खाली येऊन माझ्यावरच बरसली, "तुमच्या त्या सत्कारानं सगळ्यांचं भलं केलं, माझ्या कुर्डया सोडून! काका गच्चीवर फिरकलेसुद्धा नाहीत. आजारी आहेत का, बघून तरी या."

मी वर गेलो. खैरनार आजारी नव्हते. दाढी वाढली होती, घरात रेडिओ चालू होता आणि ट्रंका कॉटखाली गेल्या होत्या. मला पाहून त्यांनी निमूटपणे नवी लेन्स लावलेला कॅमेरा उचलला आणि दारातच माझ्यावर रोखला.

"थांबा," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. "त्या जुन्या काचेनं काढा ना."

"कशाला? एका सेकंदात मोकळे व्हाल की."

"मला घाई नाही," मी म्हटलं. खरं तर मला पाणीपट्टी भरायला जायचं होतं.

मग मीच विचारलं, "काका, नवी लेन्स चांगली नाही का?"

"चांगली आहे हो. फारच चांगली आहे. नाव ठेवायला जागा नाही." ते कॅमेरा चाचपत राहिले. "फक्त फोटो लगेच निघतो. मग माणूस जातं."

इतकी वर्षं आम्ही त्यांना चक्रम म्हणून हसलो, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि वेताच्या खुर्चीत जाऊन बसलो. त्यांनी ट्रंक ओढली, ती रशियन काच काढली, सातपूरचं कडं घालून बसवली. चहा टाकून आले. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

"बोला गोसावी, बोला."

मी साडीच्या भोकापासून सुरुवात केली. ते हसले. मग मुलाचं सांगितलं, तो पुण्याला गेल्यापासून फोनवर 'बरंय' यापलीकडे काही बोलत नाही ते. "हं, मग?" असं म्हणत ते कडं फिरवत होते, कधी पुढं, कधी मागं. उन्हाची तिरीप काचेवर यायला हवी होती, ती आली नाही, म्हणून मी नीट पाहिलं. काचेचं काळं झाकण तसंच लावलेलं होतं.

झाकण असलं की आत नुसता काळोख दिसतो, एवढं मलाही ठाऊक होतं. 'काका, झाकण' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण खैरनार डोळा लावून बसले होते, मान किंचित माझ्याकडे कललेली, आणि हात आपला फिरतोच आहे. विसरले होते की मुद्दाम ठेवलं होतं, मला आजही सांगता येणार नाही. मी ते शब्द चहाबरोबर गिळले आणि मुलाचंच पुढं सांगत राहिलो.

तेवढ्यात, मी वर अडकलो म्हणजे फोटोच असणार हे ओळखून, खालून बायकोची हाक आली, "अहो, झाला का फोटो?"

खैरनारांचा हात थांबला. डोळा कॅमेऱ्यावरच होता, पण ते श्वास रोखून माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

मी खिडकीतून ओरडलो, "अजून वेळ आहे गं! तू जेवून घे!"