दोन तोंडांची चूल

घर नवे करून फरशी बसवताना ईश्वरने आईची मातीची चूल फोडली, आणि त्याच वर्षी आई गेली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. पण त्याच्या वडिलांनी, नवलसिंग आबांनी, तो जोडला आणि रनाळ्याच्या त्या घराच्या ओट्यावर खाट टाकली. जेवण बाहेर, झोप बाहेर, कपाशीच्या पऱ्हाट्यांची शेकोटीही बाहेर. आत बोलावले, की एकच उत्तर येई: "मझार मन्हं काय शे?" आत माझे आहेच काय!

भिंतीपलीकडची खोकल्याची ढास ऐकत ईश्वर झोपेचे सोंग घेई. म्हातारा ही थंडी काढणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होते.

अखेर मोबाइलवर तोडगा सापडला. भिंतीतच बांधलेली, दोन्हीकडून उघडी अशी लाकडांची शेकोटी. जाळ एकच, एक तोंड बैठकीत, दुसरे ओट्यावर. निवड मात्र सोपी नव्हती. त्याच्या बायकोला, निशाला, आतून काच हवी होती.

"मन्ही फरशीवर राख नको, सांगी ठेवस."

"काचना मांगे बठनूत, त आबाले आपण दुकानमधली मिठाई दिससूत," ईश्वर म्हणाला.

काच रद्द झाली. दोन्ही तोंडे तंतोतंत सारखी ठरली, आणि जागा ठरली ती आईच्या चुलीचीच. चूक झाली ती पुढे, एका शब्दाची. गवंडी मिथुनला ही वस्तू काही केल्या उमगेना, तेव्हा ईश्वर वैतागून म्हणाला, "अरे, चूलच समज! एक आबाकडे, एक आमनाकडे."

मिथुनला तत्काळ उमगले. चहाच्या टपरीवर त्याने जड अंतःकरणाने सांगितले, "नवलसिंग आबाना घरमा दुसरी चूल मांडी ऱ्हायनू."

दुसरी चूल म्हणजे घर फुटले, हे गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बातमी सारंगखेड्याला पोचेपर्यंत बांधकामही उरकले, आणि पहिला जाळ करायच्या दिवशीच आबांची तिथली बहीण जसोदाबाई डोळ्यांना पदर लावून एसटीतून उतरली. मागोमाग भाऊबंद जमले.

"फुई, बठा ना," निशा आत्याबाईंना म्हणाली.

"बठू कसाले? भाऊ मन्हा जित्ता शे, आन् तू चूल येगळी करस?"

"फुई, ती चूल नही, शेकोटी शे," ईश्वर मध्ये पडला.

"मंग दोन तोंडं कसाले?"

"एक आबाले, एक आमले."

भाऊबंदांनी खिन्नपणे माना हलवल्या. कबुलीच मिळाली होती. ईश्वरने शेकोटी आणि चूल यांतला भेद पुन्हा पहिल्यापासून मांडला. परंतु सुतकी चेहऱ्याने आलेल्या माणसांना शब्दार्थात रस नसतो. शेवटी निशाचा तोल गेला.

"मी काही करं नही, तरी मन्हंच नाव! मंग करा वाटनी, एकदाची!"

खाट करकरली. आबा उठून उभे राहिले.

"वाटनी व्हयनी का?"

त्यांनी वाकून खाट धरली.

"मंग मझारलं तोंड मन्हं. ओटा तुम्हना."

एवढे बोलून त्यांनी खाट फरफटत आत नेली. निशाच्या फरशीवर लांबलचक ओरखडे उठले. खाट त्यांनी मांडली ती जाळासमोर, जिथे बसून आई भाकरी थापत असे, तिथे. जसोदाबाईचे रडणे अर्ध्यावरच राहिले. डोळे पुसून तीही भावामागे आत गेली आणि तिने दार लावून घेतले.

आबांनी आत यावे, एवढेच ईश्वरला हवे होते. आबा आत आले होते.

संध्याकाळी एका गोधडीत निशा आणि तो ओट्यावर कुडकुडत बसले. काच नसल्यामुळे पलीकडचे सारे दिसत होते. आबा निखाऱ्यांकडे टक लावून बसले होते. त्यांचे डोळे धुराने पाणावले होते की कशाने, हे विचारण्याची सोय आता उरली नव्हती. निखाऱ्यांवर वांगे भाजले जात होते. बऱ्याच वेळाने चिमट्याने त्याचा अर्धा तुकडा जाळाच्या अलीकडे सरकला.

"ल्या, शेजारी," आबा आतून म्हणाले. "तुम्हनी चूल अजून मांडेल नही ना."